खरवस किती तास टिकतो

विट्याच्या एसटी स्टँडासमोर माझं दुकान:
झेरॉक्स, लॅमिनेशन, विमानाची तिकिटं.
गलाईवाल्यांचा तालुका हा.
कोण कोचीनला, कोण सिलिगुडीला, कोण पार जमशेदपूरला
दुसऱ्यांचं सोनं आटवत बसलेलं,
आणि त्यांची सगळी अंतरं माझ्या जिभेवर.
मी स्वतः विमानात बसलेलो नाही.
दुकान कोण बघणार?

मंगळवारी लेंगऱ्याच्या बायाक्का आल्या.
पायरीवर चपला काढल्या,
झेरॉक्सच्या दुकानात कुणी काढत नाही,
आणि म्हणाल्या, "गवाटी किती लांब हाय रं?"

मी पाठ म्हणून दाखवलं:
सरळ रेषेत दोन हजार किलोमीटर,
पुण्यातून तीन तास, मध्ये कुठं थांबत नाही.

"तीन तास? म्हंजे सांगलीला जाऊन माघारी."
"तेवढंच."
मग त्यांनी माझं तेवढंच उसवायला घेतलं.
"आन पुण्यापतोर?"
पाच तास, गाडी वेळेत सुटली तर.
"सोरगेटवरनं इमानाकडं?"
एक धरा.
"तिथं निस्तं बसायचं किती?"
दोन.
"आन उतरल्यावर हिंदूच्या दुकानापतोर?"
दीड, फॅन्सी बाजारात गर्दी असते.
अंगठा पेरांवरून सरकत होता.
एका हाताची बारा पेरं संपली,
दुसरा हात पदराबाहेर आला.

"म्हस व्यालीया," मग म्हणाल्या,
"सुनंला पाचवा लागलाय.
खरवस टिकंल का एवढा?"

माझ्या कॉम्प्युटरवर सगळं होतं,
खिडकीची जागा, पंधरा किलो सामान,
हे नव्हतं.

जाता जाता एक शंका:
"हिंदू साडेपाचला फोन करतो,
म्हणतो आई, कवाच अंधार पडला.
आन माझ्या भिताडावर ऊन असतंय.
घड्याळ इचारलं तर दोघांचं एकच.
खोटं बोलतो का त्यो?"

मी चिकटपट्टीचा रोल बल्बापुढं फिरवला.
हे गुवाहाटी, हे लेंगरे,
उजेड आधी तिकडं जातो, आधी तिकडूनच निघतो.
त्या रोलकडं बघत राहिल्या.
"म्हंजे माझ्या आधी म्हातारा व्हायचा की पोरगं."

गुरुवारी पाऱ्याच्या शिवलिंगचं तिकीट होतं.
स्टीलचा डबा, फडक्यात बर्फ,
रसवंतीवाल्यानं पैसे घेतले नाहीत.
झाकणावर मी मार्करनं लिहिलं:
हिंदुराव, तातडीचं.
का लिहिलं तातडीचं, कोण जाणे.

शुक्रवारी दुपारी फोन, माझ्याच दुकानात लावलेला,
स्पीकर मोठा करून:
"आये, जरा आंबलाय.
पण तिनं डबा चाटूनपुसून खाल्ला."
बायाक्का हसल्या, मग गप्प झाल्या.
"डबा माघारी दे म्हणावं. जोडीचा हाय."

डबा यायचा चैत्रात, जत्रेला,
सगळे गलाईवाले तेव्हाच येतात.
पण बाळंतपणही चैत्रातच.
म्हणजे यंदा नाही.
त्या पायरीवर बसून पुन्हा पेरं मोजायला लागल्या,
आणि मी, ज्याला सगळी अंतरं पाठ,
कुणाच्या तरी आधार कार्डाच्या
दोन्ही बाजू काढत राहिलो.