जुनी आवृत्ती

सीताबर्डीच्या फूटपाथवर ते पुस्तक वजनावर मिळालं,
एक किलो आठशे.
आर्णीच्या एसटीत मांडीवर घेऊन बसले तर
शेजारची बाई म्हणाली, पोथी होय का वं?
हाव म्हटलं. राउटिंगचं पारायण.

घरी आल्यावर कळलं, आवृत्ती जुनी.
अभ्यासक्रम गेल्या वर्षीच बदलला,
ऑटोमेशनचं प्रकरण यात नाहीच,
आणि ज्यावर ऐंशी पानं खर्ची घातलीत
ते आता कोणी विचारत नाही.

रोशन डाखोरे म्हणतो, काहाले डोकं फोडून रायली?
माह्याजवळ पीडीएफ हाये, सहाशे प्रश्न,
जसेच्या तसे येतात.
रोशन दिवाळीत पास झाला.
संक्रांतीला तहसीलचं नेटवर्क बसलं
तेव्हा त्यानं फोन मलाच केला.

व्हिडिओतले सर छान शिकवतात.
दर तीन मिनिटांनी म्हणतात, सोपं आहे.
लोणबेहळच्या रस्त्याला जेसीबीनं फायबर तोडली
की सर तोंड उघडं ठेवून थांबतात
आणि मला फोन येतो, मॅडम, लाइन गेली.
मग भर उन्हात, पळसाच्या चतकोर सावलीत,
केसाएवढी काच मी काचेला जोडत बसते.
सर तिकडे अजून आ वासून.

लॅपटॉपवर खोटे राउटर चालवून पाहिले.
चार उठतात.
पाचवा उठला की पाचही मान टाकतात.

बाबा पाणबुडी पंपाच्या मोटारी बांधतात,
तांब्याचे वेढे ओठांत मोजत.
त्यांनी पुस्तक तळहातावर तोललं, परत दिलं.
म्हणाले, जळकी मोटर उकलल्याबिगर
बांधता येत नाही कोनाले. जळकी आन.

म्हणून यवतमाळच्या भंगारातून दोन राउटर आणले,
बुडालेल्या कुठल्याशा पतसंस्थेचे.
पोटात अजून शाखांची नावं, दारव्हा, नेर.
रात्री लाइट आल्यावर
मी त्यांना मुद्दाम चुकीचं शिकवलं.
दारव्हा म्हणालं, वाट नेरला ठाऊक.
नेर म्हणालं, दारव्ह्याला विचार.
पॅकेट बिचारं येत राहिलं, जात राहिलं,
दर उंबरठ्यावर एक श्वास कमी,
दोनशे पंचावन्नावरून शून्यापर्यंत.
कोणीच खोटं बोललं नव्हतं.
चारदा वाचलेलं पान तीनशे नव्वद
तेव्हा समजलं.

आणि एक सांगायचं राहिलं.
पुस्तकाच्या समासात पेन्सिलीची अक्षरं आहेत.
नाव पहिल्या पानावर, प्रणिता भोयर.
‘हे उलटं वाटतं.’ ‘पुन्हा बघ.’
एका जागी दुधाचा हिशेब, साडेसात लिटर.
पान चारशे बारा, जिथं बीजीपी सुरू होतो,
तिथं लिहिणं थांबलं.
लग्न ठरलं, की नोकरी लागली,
की तिनं नवीन आवृत्ती घेतली,
कळायला मार्ग नाही.

नसलेलं प्रकरण झेरॉक्स करून मागं टाचलं,
रुपयाला पान, बासष्ट रुपये.
पेन्सिलीला टोक काढलं.
चारशे तेराच्या कडेला लिहिलं,
प्रणिता, हे मलाही उलटंच वाटतं.