मागून तिसरा बाक

ये, आत ये. दार जड नाही, फुगलंय फक्त
समुद्राची हवा खाऊन. खांदा लाव.
बूट राहू देत.
इथला चिखल आमच्या ओळखीचा आहे.

मी थर्झा. आज दारावर माझी पाळी.
खरं तर दर रविवारी माझीच,
दुसरं कोणी उरलं नाही.
हे गाण्यांचं पुस्तक. सांभाळून, कणा सुटलाय.
भिंतीवरच्या फळीवर जे आकडे दिसतात
ते लॉटरीचे नव्हेत. गाण्यांचे.

तुझी बोटं उजव्या बाजूला काहीतरी चाचपत होती,
पाहिलं मी. पवित्र पाण्याचं भांडं ना?
ते नसतं इथे.
मारिया नाही, मेणबत्त्यांची रांग नाही,
गुडघे टेकायला फळीसुद्धा नाही.
पांढऱ्या भिंती, एक साधा क्रूस,
आणि एक हीटर, जो नेमका
मौन प्रार्थनेत कडाडतो.
दचकू नकोस. आम्ही त्याला आमेन समजतो.

बस, कुठेही बस.
कुठेही म्हणतो खरं, पण तो खिडकीजवळचा बाक सोड.
मिस्टर बोलिथो तिथे एकेचाळीस वर्षं बसतायत.
काही बोलणार नाहीत ते,
कोट न काढता नुसते उभे राहतील.
मागून तिसरा घे. तिथे वारा लागत नाही.

उठायचं कधी? आम्ही उठलो की.
आम्हीही उठू सावकाशच, गुडघ्यांना विचारून.
नऊ माणसं आहोत, पण गाताना मोजू नकोस.
कथलाच्या खाणीत उतरणाऱ्यांची नातवंडं आम्ही,
खाणी बुडाल्या, आवाज राहिला.
मिस हॉकिंग ऑर्गनवर एक ओळ पुढे असते,
तिला गाठायला धावू नकोस,
शेवटच्या कडव्याला थांबते ती.

उपदेश डेन्झिल कर्नो करेल. तो पाळक नाही,
प्लंबर आहे. पाळकबाईंच्या गळ्यात सात चर्चेस,
त्या महिन्यातून एकदा येतात.
डेन्झिल वीस मिनिटं बोलतो.
पाणी, गळती, कृपा,
सगळं त्याच्या एकाच नळातून येतं.

मग थाळी फिरेल. रिकाम्या हातानं पुढे दे,
कोणी बघत नाही.
(नंतर मी मोजते. पण नाणीच.)

आज पहिला रविवार नाही, नाहीतर भाकरही असती,
आणि अंगठ्याएवढे काचेचे पेले. त्यात द्राक्षाचा रस.
वाइन नाही. आमच्या पणजोबांनी पगार प्यायला,
आजोबांनी शपथ घेतली,
ती आम्ही अजून फेडतोय.
त्या मेजापाशी कोणीही येऊ शकतं.
मेज आमचं असतं तर
कदाचित आम्ही नियम केले असते.

आणि हो, मधेच सगळे एकमेकांचा हात हातात घेतील,
शांती म्हणतील.
तेव्हा तू हात बाहीत ओढून घेशील,
आत्ता घेतलेस तसे.

दाखव.

मनगटापर्यंत लाल. बेचक्यांत चिरा.
डॅफोडिलचा चीक.
मिटली कळी तोडायची, दहाची जुडी,
रबर, पुढची ओळ, आणि तिरपा पाऊस.
मी एकोणिसाव्या वर्षी याच टेकडीमागे
दोन हंगाम केले.
तेव्हा नाचाला जाताना हातमोजे घालायचे मी,
लोकांना वाटे, मला मिजास आली.
लोकरीच्या मेणाची डबी आहे स्वयंपाकघरात,
चहाच्या डब्यामागे.
चहा होईलच नंतर, केशरी बन्सही.
घेतल्याशिवाय सुटका नाही, ते आधीच सांगून ठेवते.

काय म्हणालीस नाव? रासा.
लिथुआनियात दव म्हणतात त्याला? बरं.

आता तू आत गेलीस की सगळ्या माना वळतील.
राग मानू नकोस.
तीन वर्षांत नवं कोणी आलेलं नाही,
तुझ्याहून जास्त तेच घाबरलेत.
मिस हॉकिंगचा सूर चुकेल बहुतेक.

आणि समोर मेजावर फुलं दिसतायत ना,
बरणीत? काल पेन्झान्सहून आणली मी.
तूच तोडलेली असशील, कोण जाणे.
घरी येऊन सोडली,
तर दहाच्या जुडीत नऊच निघाली.
तक्रार काही केली नाही.

चल. खांद्यानं ढकल ते दार,
आतलंही फुगलंय.