शिवाशिवी

सोहारला, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर बसून
मी कामगारांच्या छावण्या लिहितो.
कंपनीच्या पोटात छावणी, छावणीच्या पोटात खोली,
खोलीत खाटा, खाटेमागे एक माणूस.

खालच्यानं वरच्याला शिवायचं,
त्यासाठी एकच शब्द टाकलाय मी.
माणसाचं काहीही बदललं,
फोन, पासपोर्ट, बुटाचा नंबर,
की खाट शिवते खोलीला, खोली छावणीला,
छावणी कंपनीला,
आणि वरपर्यंत सगळ्यांच्या ‘शेवटचा बदल’मध्ये
एकच वेळ पडते, सेकंदासकट.
आळीत खेळायचो तसंच.
हात लागला, राज्य पुढच्यावर.

काल मकबाली साहेब टॅब घेऊन जिना चढून आले.
चौदा नंबरात सहा जण जेवतात,
तुझी खोली सात दाखवते.
डबे सात जातात.

शोधलं.
सातवा मुराद पेवेकर, वेल्डर, राहणार अडूर, तालुका गुहागर.
एकोणीस तारखेला त्याची नोंद
कुणीतरी थेट खोडलीय, मागच्या दारानं, घाईत.
तशी खोडली की कुणी कुणाला शिवत नाही.
ओली मूठ धरून टाइमप्लीज म्हणणाऱ्या पोरासारखी
ती नोंद सगळ्यांच्या मधून निघून गेली.
खोली जुनंच पान दाखवत राहिली,
आणि सातवा डबा अकरा दिवस
कोणी खाल्ला ते कोणी सांगेना.

लॉग उघडला.
कुणीतरी म्हणजे मीच.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं: इतर.

मग खोलीला मुद्दाम हात लावला.
सात चाळीस. छावणी, सात चाळीस. कंपनी, सात चाळीस.
डेटाबेसात मात्र तीन चाळीस, तो ग्रीनिचची वेळ पाळतो.
अडूरला नऊ दहा झाले असतील,
जेवणं उरकली असतील.

कंपनीच्या वर टेबल नाही.
अडूरचं घर तर कुठल्याच टेबलात नाही.
‘तातडीचा संपर्क’ म्हणून एक रकाना आहे,
त्यात रुकय्या, बहीण, आणि एक नंबर.
पण तो नुसता मजकूर.
मजकूर कुणाचा कुणी नसतो,
त्याला शिवून काही होत नाही.

उद्यापासून डबे सहा, असं साहेबांना कळवलं.
ते थँक्यू म्हणाले.

नंबर मी मोजला दोनदा.
नऊच आकडे आहेत.