पदरमोड

ग्बोकोच्या शाळेत प्रश्नावली आली आहे:
आपली प्रेरणा किती? एक ते पाच.
म्नेना बाई पेन उघडून बसल्यात
दहावीच्या वह्यांच्या ढिगाशेजारी.

सातवा महिना, पगार नाही.
घरमालकाला त्या मागच्या वाटेनं चुकवतात.
जानेवारीत पाट्याच टाकल्या त्यांनी, कबूल:
फळ्यावर ओहमचा नियम, खाली "उतरवून घ्या",
आणि नजर खिडकीबाहेर, कोनफळांच्या वाफ्यांवर.

मार्चमध्ये तेर्वासे बोलला,
मागच्या बाकावरून, उभंही न राहता:
"मॅडम, वीज निघते तिथून आमच्या गावापर्यंत
येता येता नक्की कुठे बसते?"
वर्ग हसला.
बाईंना हसू आलं नाही, झोपही आली नाही.

दुसऱ्या दिवशी ओकाडावरून उतरल्या
तेव्हा पिशवीत चार सेल, बल्ब, हातभर तांब्याची तार.
पदरमोड. तीही उधारीची.
बल्ब लागला
आणि बासष्ट माना एकदम पुढे आल्या.
आपला आवाज शेजारच्या वर्गात पोचतोय
हे बाईंच्या लक्षात आलं ते
शेजारचे इओरलुमुन सर दारात येऊन उभे राहिले तेव्हा.
तक्रार करायला आलेले. बघत राहिले.

याला रकाना नाही.
एक लिहावं तर तो तास खोटा ठरतो.
पाच लिहावं तर वरचे म्हणतील,
बघा, पगाराशिवाय चालतंय की!

बाई टोपण लावतात. परत काढतात.
समासात, बारीक अक्षरात:
सेल उतरत आलेत.