नवव्या घरातला चरा

हडर्सफील्डच्या चॅरिटी शॉपमध्ये दीड पाउंडाला मिळाली रेकॉर्ड.
कव्हरवर निळ्या पेनानं कुणीतरी लिहिलेलं:
मॉरीन, परत कर.
मॉरीननं केली नव्हती.

सगळ्या जगानं ऐकलेलं वादन
मला भेटलं चाळिशीला टेकल्यावर,
हॉस्पिटलात रात्रभर रक्ताच्या नळ्या लावून
पहाटे घरी आल्यावर.

टर्नटेबल तेहेतीसवरून सोळावर आणलं
की तो माणूस म्हातारा होतो,
गिटार विहिरीच्या तळाशी जाते,
आणि जिथं नुसती सर्रकन रेघ ओढल्यासारखी वाटायची
तिथं मोजून सात स्वर निघतात,
एक श्वास,
आणि खुर्चीची कुरकुर.
कुरकुरसुद्धा मी वहीत उतरवून घेतली.

शाळेत प्रार्थनेला पेटी वाजवायचो.
पेटीला मींड नाही. पट्टी दाबली की गंधार,
कोमल नाहीतर शुद्ध,
मधल्या फटीत फक्त धूळ.
हा गडी त्या फटीतच बिऱ्हाड करून राहिलेला:
कोमल गंधाराला बोटानं वर रेटायचं,
शुद्धाच्या दारापर्यंत न्यायचं
आणि बेल न वाजवता माघारी आणायचं.

तीन महिने नुसता रेटत होतो.
बोटांना घट्टे. भिंतीपलीकडून मिसेस ओल्ड्रॉइडचे टोले,
तेही तालात नाहीत.
तारा विकणारी ब्रॉन्या म्हणाली,
बोटानं नको, मनगटानं.
अडकलेली बरणी उघडतोस ना, तसं.
घरी येऊन लिंबाच्या लोणच्याची बरणी
उघडली, लावली, उघडली.
बुधवारी तार वळली.

गुरुवारी लॉकवुडच्या पबमध्ये
कुणीही यावं, वाजवावं.
ड्रमवर हिंचलिफ, दिवसा लोकांची छपरं दुरुस्त करणारा.
बारा घरांचं आवर्तन. आठ घरं सुरळीत.
नवव्यात मी एकटाच
दोन मात्रा पुढं निघून गेलो,
बाकीचे तिघं मागं, एकमेकांकडं बघत.
हे कुठं शिकलास?
रेकॉर्डवर असंच आहे.
नाही रे बाबा, म्हणाला हिंचलिफ,
आणि त्यानं फोनवर तीच लावली.

नवव्या घरात दोन मात्रा होत्या.
रिकाम्या.
तो काहीच वाजवत नव्हता.
माझ्या प्रतीवर तिथं चरा आहे,
सुई उडी मारते ती नेमकी
त्या गप्प बसण्यावरून.

मींड घेतली होती, कंप घेतला होता,
परक्या माणसाच्या खुर्चीची कुरकुर घेतली होती.
एवढंच राहिलं होतं,
आणि ते सोळावर आणूनही
ऐकू येणार नव्हतं.

चरा मॉरीनचाच असावा.
तिनंही कुठंतरी, कुणासमोर,
अशीच घाई पाठ करून ठेवली असेल.

आता नववं घर आलं की
उजवा तळवा तारांवर सपाट ठेवतो.
एक.
भिंतीपलीकडची बाईसुद्धा थांबलेली असते.
दोन म्हणेपर्यंत मात्र
अजून दम निघत नाही,
हात आपोआप उचलला जातो.