येणे बाकी

शताब्दीच्या स्मरणिकेसाठी इतिहास लिहा, म्हणाले.
बाराशे शब्द. प्राचार्यांचे फोटो आम्ही टाकू.

फोटो पाहिलेत मी. सभागृहात ओळीनं टांगलेत,
आधी तीन साहेब, मग एक पारशी, मग आपले लोक.
टाय तोच असावा, गाठ तेवढी बदलत गेलेली.

मी वर्कशॉपकडे वळले.
फाउंड्री पाडलीय. तिथं रोबॉटिक्स येणार,
काचेची भिंत उभीसुद्धा राहिली.
मोल्डिंगची काळी वाळू मात्र फरशीच्या फटींत अजून आहे,
चपलेखाली कुरकुरते.

माळ्यावर स्टोअरची रजिस्टरं होती.
हत्यार दिले, हत्यार आले. तारीख, बिल्ला नंबर, सही.
कानस बारा इंची, रफ. गुण्या. सेंटर पंच. व्हर्नियर, एक.
पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, हत्यार न्यायचं,
आणून दिलं की बिल्ला परत.
दुपारी दोन ते पाच
अख्खं कॉलेज त्या खिळ्यांवर लटकलेलं असे.

पहिली वीस वर्षं मोडीत आहेत.
मला मोडी येत नाही. आकडे तेवढे कळले.
मग अब्दुल गफूर मुकादम, दापोलीकडचे,
अक्षर असं, की सरफेस प्लेटवर ठेवून तपासून घ्यावं.
अठ्ठावन्नपासून भिकाजी तांडेल, शिवडीच्या कोळीवाड्यातले.
त्यांचा त आणि न मला कधीच वेगळा काढता आला नाही.

एकाहत्तर सालात मी सापडले. बिल्ला दोनशे बारा.
मेकॅनिकलला ऐंशी मुलगे आणि मी.
बॉयलर सूटच्या बाह्या चार घड्या घालून वर.
निजसुरे सर जॉब गुण्याला लावून खिडकीकडे धरायचे.
फटीतून उजेड दिसला की म्हणायचे, पुन्हा घास.
तीन वर्षं मी उजेड बंद करायला शिकत होते.

बायकांचा संडास मुख्य इमारतीत होता.
जाऊन-येऊन अकरा मिनिटं,
आणि सर दहा मिनिटांनी पुन्हा हजेरी घ्यायचे.
तांडेल काही बोलले नाहीत. एका मंगळवारी
पॅटर्न शॉपमागच्या खोलीची किल्ली खिळ्याला लावून ठेवली.
बघा ना, अजून आहे इथं:
किल्ली, एक. बिल्ला २१२. परत.
किल्ली, एक. बिल्ला २१२. परत.
पानंच्या पानं.

ब्याऐंशीत संध्याकाळी सातनंतरच्या नोंदी आहेत.
कानशी सहा, हॅकसॉ चार. नाव: स्वतः.
संपात बसलेल्यांची पोरं यायची लालबागहून,
फीच्या पावतीवर ज्यांचं नाव नव्हतं, कुठल्याच यादीत नव्हतं.
भंगारातला पत्रा घेऊन तांडेल त्यांना काटकोन शिकवायचे.
पुढल्या पानावर ऑडिटची लाल शाई:
सतरा कानशी निकामी. वसुली पगारातून, दरमहा अकरा रुपये.
कानस झिजतेच हो.
झिजण्यासाठी रकाना नव्हता.

आणि हे पंच्याहत्तर, एप्रिल.
पोलादी पट्टी, सहा इंची. बिल्ला २१२. येणे बाकी.
शहात्तरला तेच. सत्याहत्तरला तेच.
दर स्टॉकटेकिंगला तांडेल मला पुढच्या पानावर नेत राहिले.
मी तेव्हा ह्याच कॉलेजात शिकवत होते,
रोज त्यांच्या खिडकीवरून जायची.
एकदाही मागितली नाही त्यांनी.

पट्टी माझ्या पर्समध्येच होती. असते.
खाली स्टोअरमध्ये नेऊन दिली.
मुलगा चांगला होता, कॉम्प्युटरमध्ये खूप शोधलं त्यानं.
मॅडम, ह्या आयटमला कोडच नाही. घेता येणार नाही.

म्हणून आता ती कागदाशेजारी आहे.
एवढ्या वर्षांत तिचा पहिला इंच पार पुसला गेलाय,
रेघाच उरल्या नाहीत.
तिथून मोजायचंच नसतं.
एकपासून धरायचं,
आणि उत्तरातून एक वजा करायचा, न विसरता.