खड्डा बुजवताना

नॉरफकच्या कुरणात मॉरीन थर्टल
कानांवर हेडफोन, हातात यंत्र,
दव झाडत असल्यासारखी चालते.

रस्त्यावरच्या गाड्या हळू होतात.
कुणाला ती चोर वाटते,
कुणाला गुप्तधनासाठी हपापलेली.
पबमध्ये सिरिल हटकून विचारतो,
"काय गं, झालीस का राणी?"

ती खिसा टेबलावर उलटा करते:
बिअरच्या डब्यांच्या अकरा कड्या,
शिशाची गोळी,
आणि एक पितळी बटण, मागची कडी तुटलेलं.

सिरिल कड्या मोजतो. सगळे हसतात.
बटण ती हळूच परत घेते.
कुणाची तरी आई यावरून ओरडली असणार,
दोनशे वर्षांपूर्वी.

मेंढीचा पाय अडकू नये म्हणून
प्रत्येक खड्डा बुजवून
ती त्यावर दोनदा उभी राहते.
तेव्हा कुठलीच गाडी हळू होत नाही.